रक्तातला बहुरूपी

दिवाळी आटोपली, तुळशीचे लग्न लागले, की खानदेश-मराठवाड्यात घोड्यांच्या बाजाराचे वेध लागतात. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, तर पुढे नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी अशी नाना जातींची जनावरे लांबून येतात. शौकीन येतात, वरातीला घोडे पुरवणारे येतात, टांगेवाले येतात. आणि मग सुरू होते पारख. गिऱ्हाईक दात उघडून वय ताडते. खूर उचलून पाहते. चार पावले चालवून, दोन फेऱ्या पळवून घेते. भोवरे मोजते. गळ्याशी देवमण आहे ना, डोळ्याखाली अशुभ भोवरा नाही ना, चारी पाय आणि कपाळ पांढरे म्हणजे पंचकल्याणी आहे ना, याची चर्चा तासतासभर चालते. एकेका घोड्याचा सौदा लाखाच्या घरात जातो.

हे सगळे घोड्याच्या बाहेरून झाले. आत काय आहे, ते कोणी विचारीत नाही. घोड्याच्या कानाच्या टोकाचा रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन पाहावा, असे या गर्दीत फार थोड्यांना सुचते. वास्तविक बाजाराचे हे दिवस आणि त्या थेंबात सापडणाऱ्या शत्रूचे दिवस एकच असतात. पावसाळ्यात आणि पावसाळ्याच्या अखेरीस रक्त पिणाऱ्या माशा मातलेल्या असतात. त्यांनी पेरलेला रोग दिवाळीच्या पुढेमागे तबेल्यातबेल्यांतून डोके वर काढतो. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकात या सदरात त्या रोगाची, आणि विशेषतः तो ओळखण्याच्या विद्येची, हकीकत सांगण्याचे योजिले आहे.

ताप येतो, ताप जातो

रोगाचे नाव ‘सर्रा’. सडणे या अर्थाच्या देशी शब्दावरून ते पडले, असे सांगतात. इंग्रज सालोत्र्यांनी ते तसेच उचलले आणि आज जगभरच्या वैद्यकग्रंथांत आपला हा देशी शब्द ठाण मांडून बसला आहे.

सर्रा झालेल्या घोड्याला प्रथम ताप येतो. दोनचार दिवस राहतो आणि आपोआप उतरतो. मालक म्हणतो, शीण होता, गेला. आठवड्याने ताप परत येतो. मालक म्हणतो, हवा बदलली. घोडा चंदी तर नेहमीसारखी खातो, पण खाल्लेले अंगी लागत नाही. मोतद्दार खरारा करताना म्हणू लागतो, “मालक, बरगड्या हाताला लागायला लागल्या.” मग पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते. डोळ्याची आतली पापणी फिकट पडते, कधी तिच्यावर तांबडे ठिपके दिसतात. शेवटी मागचे पाय लटपटू लागतात, उभे जनावर झोकांड्या खाते. उपचार झाला नाही तर काही आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत घोडा हातचा जातो.

उंटात हाच रोग रेंगाळत चालतो. तो तीन तीन वर्षे पाठ सोडीत नाही म्हणून उंटवाले त्याला ‘तिबरसा’ म्हणतात. गाईम्हशींत तर तो बहुधा गुपचूप असतो. म्हैस रवंथ करीत बसलेली, दूध देत असलेली, आणि तिच्या रक्तात मात्र घोड्याचे मरण हिंडते आहे, असा हा प्रकार आहे. गोठा आणि तबेला शेजारी शेजारी असला की मधले अंतर माशी सहज ओलांडते.

डेरा इस्माइल खानचा पशुवैद्य

हा रोग कशाने होतो, ते पहिल्यांदा सापडले १८८० साली, सिंधू नदीकाठच्या डेरा इस्माइल खान येथे. आज हे गाव पाकिस्तानात आहे. तेथे सरकारी लष्कराचे घोडे आणि उंट पटापट मरत होते. चौकशीसाठी ग्रिफिथ इव्हान्स नावाचा पशुवैद्य पाठविण्यात आला. हा गृहस्थ वेल्सचा. जन्म १८३५ चा. आधी घोड्यांचा डॉक्टर झाला, मग कॅनडात नोकरीवर असताना मॅकगिल विद्यापीठातून माणसांच्या वैद्यकाची पदवीही घेऊन आला. सूक्ष्मदर्शक यंत्राचा नाद असलेला असा माणूस त्या काळच्या लष्करात विरळाच.

इव्हान्सने आजारी घोड्यांचे रक्त यंत्राखाली धरले आणि त्याला तांबड्या पेशींच्या गर्दीत सुळसुळणारे, सापासारखे वळवळणारे जीव दिसले. तेवढ्यावर तो थांबला नाही. ते रक्त त्याने निरोगी जनावरांच्या अंगात घातले, आणि त्यांनाही तोच रोग झाला. लोक मोठ्या चावऱ्या माशांकडे बोट दाखवीत असत, तेही त्याने आपल्या अहवालात नोंदविले.

वरिष्ठांना हे पटले नाही. त्याला कारणही होते. दोनच वर्षांपूर्वी कलकत्त्यास टिमथी लुईस या डॉक्टरला उंदरांच्या रक्तात अगदी असलेच जीव दिसले होते, आणि ते उंदीर चांगले धडधाकट होते. तेव्हा असले जीव म्हणजे रक्तातले निरुपद्रवी पाहुणे, त्यांनी घोडा कसा मरेल, असा शहाण्यांचा युक्तिवाद. जंतूमुळे रोग होतो हा विचारच तेव्हा नवा होता. पण इव्हान्सचे म्हणणे खरे ठरले. सस्तन प्राण्यात रोग उत्पन्न करणारा ‘ट्रिपॅनोसोम’ जातीचा जंतू जगात प्रथम सापडला, तो त्यालाच.

या कथेत पुढे आपली मुंबई येते. १८८५ साली ब्रह्मदेशात लष्कराची खेचरे अशाच तापाने मरू लागली, तेव्हा जॉन हेन्‍री स्टील याने तपास केला. त्यालाही तेच जीव दिसले, आणि त्याने त्यांना इव्हान्सचे नाव दिले. म्हणूनच आजही या जंतूचे शास्त्रीय नाव ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय’ असे आहे. हाच स्टील १८८६ मध्ये परळला निघालेल्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचा पहिला प्राचार्य. आणि पुण्याचाही मान राखला पाहिजे. १८८९ मध्ये सरकारने जनावरांच्या रोगांसाठी जंतुशास्त्राची प्रयोगशाळा काढली, ती पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात. तिचा प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड सर्‍याच्याच मागे लागला होता. घोड्यांचा ताप आणि रक्तातले जंतू यांच्या दिवसवार नोंदी त्याने ठेवल्या. ही प्रयोगशाळा १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली आणि पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणून नावारूपाला आली. मुक्तेश्वरलाच लेनर्ड रॉजर्स याने १९०१ मध्ये प्रयोगाने दाखविले, की घोडमाशी आजारी जनावराचे रक्त पिता पिता उडाली आणि लगोलग दुसऱ्याला चावली, तर रोग लागतो. माशीच्या सोंडेला लागलेले ओले रक्त एवढाच त्यातला दुवा. माशी काही काळ थांबली, की तिचा दंश निरुपद्रवी ठरतो.

तीन कोटी चोर आणि कोरी काच

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इव्हान्सला जंतू दिसला, तो ओल्या रक्ताच्या थेंबात. ही रीत आजही पहिली आणि सर्वांत स्वस्त. काचपट्टीवर ताज्या रक्ताचा थेंब घ्यायचा, वर पातळ काच ठेवायची, आणि चारशे पटीने मोठे करून पाहायचे. जंतू मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्शाएवढा असतो. तो स्वतः पटकन नजरेत भरत नाही. त्याच्या धडपडीने तांबड्या पेशी ढकलल्या जातात, ती खळबळ आधी दिसते. जत्रेच्या गर्दीतून खिसेकापू पळाला, की तो दिसण्याआधी डावीउजवीकडे झुकलेली माणसे दिसतात, तसेच हे. दुसरी रीत म्हणजे थेंब काचेवर पातळ पसरून, वाळवून, गीम्सा किंवा लीशमन नावाच्या रंगाने रंगवायचा. मग जंतूचे जांभळे केंद्रक, कडेने गेलेला पातळ झालरीसारखा पडदा आणि शेपटीसारखा तंतू स्पष्ट दिसतो. ओळख पक्की होते.

जंतू दिसला तर प्रश्नच मिटला. पण दिसला नाही तर? तेथेच सगळी गोम आहे. अहवालावर लिहून येते, ‘रक्तात परोपजीवी जंतू आढळले नाहीत.’ मालक सुटकेचा श्वास टाकतो आणि घोडा पुन्हा टांग्याला जुंपतो. त्या ओळीचा अर्थ काय होतो, ते जरा हिशेब मांडून पाहू.

चारशे किलो वजनाच्या घोड्याच्या अंगात साधारण तीस लिटर रक्त असते. समजा, एका मिलिलिटरमध्ये एक हजार जंतू आहेत. तीस लिटर म्हणजे तीस हजार मिलिलिटर, म्हणजे घोड्याच्या अंगात तीन कोटी जंतू झाले. काचपट्टीवर घेतलेला थेंब असतो मिलिलिटरच्या सुमारे चारशेव्या हिश्शाएवढा. त्यात आले अडीच जंतू. हे अडीच जंतू वरच्या काचेखाली कोठेतरी आहेत. यंत्रातून एका वेळी काचेचा इतका लहान भाग दिसतो, की सगळी काच पाहून काढायची तर ती दोनएक हजार वेळा सरकवावी लागेल. दवाखान्यात रांग लागलेली असताना तपासणारा शंभर जागा पाहील. तेव्हा हिशेबाने आठ काचा पाहाव्या, तेव्हा एखाद्या वेळी त्या जंतूची गाठ पडेल. म्हणजे घोड्याच्या अंगात तीन कोटी चोर, आणि आठापैकी सात वेळा काच कोरी! ओल्या थेंबात जंतू खात्रीने सापडायचा, तर मिलिलिटरला लाखभर तरी हवेत, असा जाणकारांचा ठोकताळा आहे.

बहुरूप्याची युक्ती

बरे, हे जंतू रोज सारख्या संख्येने असतात म्हणावे, तर तेही नाही. ते भरतीओहोटीसारखे वाढतात आणि घटतात. त्याचे कारण मोठे चमत्कारिक आहे.

या जंतूच्या अंगावर एकाच जातीच्या प्रथिनाचा दाट अंगरखा असतो. त्या प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू एकमेकांना चिकटून बसलेले असतात. घोड्याच्या शरीरातली संरक्षक यंत्रणा तो अंगरखा ओळखते आणि त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. त्यात काही दिवस जातात, तोवर जंतू बेसुमार वाढलेले असतात, घोडा तापाने फणफणलेला असतो. मग प्रतिद्रव्यांचा मारा सुरू होतो, जंतू हजारोंनी मरतात, ताप उतरतो. पण त्या गर्दीत दोनचार जंतूंनी दरम्यान अंगरखा बदललेला असतो! जंतूच्या पेटाऱ्यात असे शेकडो अंगरखे घडी घालून ठेवलेले असतात. काल शिपायाच्या वेषात आलेला बहुरूपी आज गोसाव्याच्या वेषात आला, की गावकरी फसतात, तशी प्रतिद्रव्ये फसतात. हे दोनचार पुन्हा कोटींच्या घरात जातात, पुन्हा ताप, पुन्हा मारा, पुन्हा नवा वेष. प्रत्येक खेपेस घोडा थोडा खचतो. बहुरूपी मात्र ताजातवाना.

इव्हान्सला, स्टीलला, लिंगार्डला ही युक्ती माहीत नव्हती, पण तिचा परिणाम त्यांच्या वह्यांत उतरला होता. ताप चढला की जंतू दिसतात, उतरला की नाहीसे होतात, हे तापाच्या नोंदी ठेवणाऱ्याला दिसत होते. तात्पर्य असे, की रक्त कोणत्या रीतीने तपासले याइतकेच ते कोणत्या दिवशी काढले, यालाही महत्त्व आहे. ताप उतरल्यावर घोड्याला दवाखान्यात नेणे म्हणजे बहुरूपी गाव सोडून गेल्यावर फौजदाराला बोलावण्यासारखे आहे.

चोराला शोधायचे, की पावलांना?

कोऱ्या काचेची ही अडचण ओळखून शास्त्रज्ञांनी एकेक उपाय काढला. त्यांतला सोपा आणि गुणी उपाय १९७० च्या सुमारास रूढ झाला. केसासारख्या बारीक काचनळीत रक्त भरायचे, एक टोक बंद करायचे, आणि यंत्रात गरगर फिरवायचे. जड तांबड्या पेशी तळाशी जातात, वर पिवळसर पाणी राहते आणि मध्ये पांढऱ्या पेशींचा पातळ थर बसतो. जंतू नेमके त्या थराच्या काठाशी गोळा होतात. तेवढीच जागा यंत्राखाली पाहिली, की मिलिलिटरमध्ये शेदोनशे जंतू असले तरी सापडतात. ताक घुसळले की लोणी वर येते, तसे हे.

आणखी एक जुना मार्ग होता पांढऱ्या उंदराचा. संशयित घोड्याचे रक्त उंदराला टोचायचे आणि काही दिवस त्याच्या शेपटीचे रक्त पाहत राहायचे. अगदी थोडे जंतू असले तरी उंदरात ते भराभर वाढतात. उपाय भरवशाचा खरा, पण उंदराच्या जिवावरचा, आणि वाट पाहायला लावणारा.

दुसऱ्या वर्गातल्या कसोट्या चोराला शोधीत नाहीत, त्याच्या पावलांचे ठसे शोधतात. घोड्याच्या रक्तात जंतूविरुद्ध प्रतिद्रव्ये आहेत का, ते पाहतात. पूर्वी उंटांच्या रक्तजलात पाऱ्याच्या क्षाराचे पाणी घालून ते गढूळ होते का, ते पाहत असत. त्या ओबडधोबड रीतीची जागा आता पत्त्यासारख्या कार्डावर कण गोठवून दाखविणाऱ्या चाचणीने आणि एलायझा नावाच्या रंग बदलणाऱ्या चाचणीने घेतली आहे. हरियाणातल्या हिसारला अश्वजातीच्या प्राण्यांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तेथे तयार झालेला सर्‍याचा एलायझा संच जून २०२२ मध्ये प्रसिद्ध करण्यात आला. कळपातले कोणते जनावर संशयास्पद आहे, हे एका दिवसात शेकड्याने पाहता येते, हा या कसोट्यांचा मोठा लाभ.

पण ठशांचा स्वभावही ओळखून असावे. जंतू अंगात शिरल्यावर ठसे उमटायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्याआधी कसोटी ‘नाही’ म्हणते. आणि औषधाने जंतू मेले तरी ठसे महिनोन्‌महिने राहतात, तेव्हा बऱ्या झालेल्या घोड्यालाही कसोटी ‘आहे’ म्हणते.

तिसरा मार्ग पीसीआरचा. करोनाच्या दिवसांत हा शब्द घराघरांत पोचला, त्यामुळे तो समजावीत बसण्याची गरज उरली नाही. रक्तात जंतूच्या गुणसूत्रद्रव्याचा लहानसा तुकडा सापडला, की तो लाखो पटींनी वाढवून दाखवायचा. ताप नसतानाच्या दिवसांतही बहुरूप्याला पकडण्याची ताकद आज या कसोटीत सर्वांहून अधिक. तरीही नळीत आलेल्या रक्तात एकही जंतू नसेल, तर पीसीआर तरी कोठून दाखविणार?

दुसरे बिऱ्हाड

घोड्याच्या रक्तात बिऱ्हाड करणारा सर्‍याचा जंतू एकटा नाही. गोचिडीच्या चाव्यातून येणारे दोन जंतू आहेत, ‘बॅबेसिया कॅबॅली’ आणि ‘थायलेरिया इक्वी’. सर्‍याचा जंतू रक्तात पोहतो, हे दोघे तांबड्या पेशीच्या पोटात शिरून तिला फोडतात. म्हणून ताप, कावीळ, कधी लालसर लघवी. काचेवर बॅबेसिया दिसतो जोडीने, टोकाशी जुळलेल्या दोन नासपतींसारखा. थायलेरिया असतो लहान, आणि चार तुकडे होऊन फुलीसारखा मांडला जातो. रोग तीव्र असेल तर ही ओळख पटते.

पण थायलेरियाची खोड अशी, की बरा झालेला घोडा बहुधा जन्मभर जंतू बाळगून राहतो. हजारो पेशींत एखादीत तो लपलेला. अशा घोड्याची काच तासभर पाहिली तरी कोरी निघायची. येथे मात्र प्रतिद्रव्यांचे ठसे कामाला येतात. म्हणूनच परदेशी घोडा पाठविताना किंवा आणताना काचपट्टीवर कोणी विसंबत नाही, एलायझाचा अहवाल मागतात. अमेरिका २००५ पर्यंत घोडे आत घेताना जुनी पूरकबंधन कसोटी वापरीत असे. ती काही वाहक घोडे हातचे सोडते म्हणून पुढे एलायझा स्वीकारली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी असे वाहक घोडे गोचिडींपासून दूर, खास बंदोबस्तात ठेवण्याच्या अटीवर आत येऊ देण्यात आले. एका गोचिडीसाठी केवढा थाट!

चंद्रपूरचा ताप

कोणी म्हणेल, घोड्याचा रोग घोड्यापाशी. आम्ही कशाला झोप मोडावी? त्यांच्यासाठी आपल्याच राज्यातली एक खरी हकीकत सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला महिनोन्‌महिने ताप येत होता आणि जात होता. २००४ मध्ये त्याच्या रक्ताच्या काचेवर जे वळवळताना दिसले, ते पाहून डॉक्टर चक्रावले. तो सर्‍याचा जंतू होता! माणसाला हा जंतू सहसा बाधत नाही, कारण माणसाच्या रक्तात त्याला मारणारे एक प्रथिन असते. नागपूरचे डॉक्टर आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून तपास केला. सुरामिन हे औषध आणवून उपचार झाले आणि शेतकरी बरा झाला. सर्‍याचा जंतू माणसात निश्चितपणे सापडल्याची ही जगातली पहिली नोंद. त्याच्या रक्तात ते संरक्षक प्रथिन जन्मतःच नव्हते, हे बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले. गावातल्या अठराशेंवर लोकांची रक्तेही तपासण्यात आली. काहींत ठसे सापडले, जंतू कोणातही नाही. म्हणजे या जंतूची माणसांशी गाठ पडते, पण बहुतेकांच्या रक्तात त्याचे काही चालत नाही.

विचार करा. त्या माणसाच्या तापाला मलेरिया म्हणून मोकळे होणे किती सोपे होते! कोणीतरी काच नीट पाहिली, म्हणून तो वाचला.

मालकाने काय करावे

तबेला लहान असो वा मोठा, पुढील गोष्टी सर्वांना जमण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, एक ताप मोजण्याची नळी आणि एक वही. निरोगी घोड्याचे तापमान साधारण ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असते. घोडा सुस्त वाटला की सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत मांडावे. ताप चढतो-उतरतो असे दिसले, की निम्मे निदान मोतद्दारानेच केले म्हणावे.

दुसरी, रक्त ताप चढलेला असताना काढवून घ्यावे, आणि तेही पशुवैद्याकडून, पहिले औषध टोचण्यापूर्वी. ओला थेंब तेथल्या तेथे पाहिला जावा, कारण जंतू काही तासांत मरतात. पातळ पसरलेली काच सावलीत वाळवावी आणि माशांपासून झाकावी. माशा काचेवरचे रक्त चाटून जातात. न गोठणारे रक्त नळीत भरून, बर्फाच्या डब्यात ठेवून प्रयोगशाळेत धाडावे. काच कोरी निघाली आणि ताप परतला, तर रक्त पुन्हा तपासावे, शक्य तर पीसीआरही करवून घ्यावे.

तिसरी गोष्ट कळकळीची. अंदाजाने सुई टोचू नये. सर्‍यावरची क्विनापायरामीनसारखी औषधे उपयोगी आहेत, पण घोड्याला ती सोसतातच असे नाही. अपुरी मात्रा दिली, तर जंतू मरत नाहीत, उलट औषधालाच सरावतात. शिवाय जंतू एकदा मेंदूत शिरला, की नेहमीची औषधे तेथवर पोचत नाहीत. लटपटत्या पायांचा घोडा म्हणूनच वाचवणे कठीण असते. निदान लवकर व्हावे, ते याचसाठी.

चौथी, नवा घोडा घरी आणला की त्याला जुन्या घोड्यांत आणि गाईम्हशींत लगेच मिसळू नये. दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा, ताप मोजावा, आणि अखेरीस रक्त एकदा पुन्हा तपासावे. लीद साचू देऊ नये, संध्याकाळी धूर करावा, तबेल्याला जाळी लावावी. एका घोड्याची सुई दुसऱ्याला कधीही वापरू नये. माशी जे नकळत करते, ते माणसाने जाणूनबुजून करू नये.

आणि शेवटचे. प्रयोगशाळेचा कागद हातात आला, की तो नीट वाचावा. ‘जंतू आढळले’ असे असेल तर तो निकाल आहे. ‘जंतू आढळले नाहीत’ असे असेल, तर ती त्या दिवशीच्या, त्या एका थेंबाची साक्ष आहे. साक्षीदार प्रामाणिक असतो, पण त्याने पाहिलेले असते फार थोडे. घोडा बोलून सांगू शकत नाही. त्याच्या वतीने बोलणारी दोनच साधने तबेल्यात आहेत, तापाची वही आणि पुन्हा घेतलेला रक्ताचा थेंब. वही चुकली नाही आणि थेंब वेळेवर घेतला, तर बहुरूपी कितीही वेष पालटो, केव्हा ना केव्हा पकडला जातोच.